बिनपिठाचा वॉफल आणि तुझी न्याहारी

ऑल्बनी, न्यूयॉर्क
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र मिळाले. ऐन फराळाच्या तोंडावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल हाती यावा आणि डॉक्टरांनी पोहे, उप्पीट, साबुदाणा या तिन्हींवर एकदम फुली मारावी, हे वाचून वाईट वाटले; पण उकडलेली अंडी आणि ऑम्लेट यांना तू ज्या शब्दांत शिव्या घातल्या आहेस, ते वाचून हसूही आवरले नाही. सकाळी काहीतरी कुरकुरीत, हातात धरून खाता येईल असे हवे, आणि त्यात पीठ नको, असे तू लिहितोस. अशी एक गोष्ट मी बऱ्याच दिवसांपासून करत आलो आहे. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

वॉफल म्हणजे चौकोनी खाचांच्या गरम साच्यात दोन्ही बाजूंनी भाजलेले जाडसर धिरडेच म्हण. चीज आणि अंडे एवढ्यावरच होणाऱ्या वॉफलला इकडे चॅफल म्हणतात. कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्या अमेरिकी मंडळींमध्ये २०१९ च्या सुमारास याचे खूळ पसरले, आणि त्यापायी तळहाताएवढी छोटी वॉफल-यंत्रे घरोघर गेली. वॉफलचे आणि आमच्या या भागाचे नाते मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. हडसन नदीच्या पलीकडे, आमच्यापासून अगदी जवळ, ट्रॉय नावाचे गाव आहे. तिथल्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट या गृहस्थाने २४ ऑगस्ट १८६९ रोजी शेगडीवर ठेवून उलटता येईल अशा बिजागरीच्या वॉफल-साच्याचे पेटंट मिळवले. म्हणून या देशात २४ ऑगस्ट हा वॉफलचा दिवस मानला जातो. त्या साच्यात अर्थातच मैदा, दूध, लोणी आणि साखर जात असे. आपल्या साच्यात यातले काहीच जात नाही.

प्रमाण सोपे आहे. एक मोठे अंडे आणि अर्धा कप, म्हणजे वजनाने सुमारे ५५ ग्रॅम, किसलेले मोझरेला घेतले की साधारण चार इंच व्यासाचे दोन वॉफल होतात. तिकडचे अंडे इकडच्यापेक्षा थोडे लहान असते आणि गावरान तर आणखी लहान, तेव्हा चीजही त्या बेताने कमी घे. दोन्ही वॉफल मिळून २३० ते २५० कॅलरी, १८ ते २० ग्रॅम प्रथिने आणि अवघी २ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात. याउलट ७५ ग्रॅम कोरड्या पोह्यांतच ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदके असतात. वरची शेव, बटाटा आणि तू न चुकता घालतोस ती चिमूटभर साखर वेगळीच. डॉक्टरांनी पोह्यांवर फुली का मारली, हे यावरून तुझ्या लक्षात येईल.

आता कृती. अंडे फेटून त्यात चीज मिसळायचे आणि साच्यात ओतायचे, असे सगळीकडे सांगतात आणि तसे केले तरी चालते. पण त्याने वॉफल मऊ, ऑम्लेटच्या वळणाचा होतो, आणि तुझे भांडण तर ऑम्लेटशीच आहे. म्हणून मी सांगतो तसे कर. यंत्राचा दिवा विझला, म्हणजे साचा तापला, तरी आणखी मिनिट-दोन मिनिटे थांब. मग चिमूटभर चीज थेट गरम साच्यावर विरळ पसर. ते लगेच चुरचुरायला लागते, आधी वितळते, मग त्यातला ओलावा उडतो आणि कडेला सोनेरी बुडबुडे दिसू लागतात. या टप्प्यावर, म्हणजे वीस-तीस सेकंदांनी, फेटलेल्या अंड्यात मिसळलेले चीज वर घाल, त्यावर पुन्हा थोडे चीज भुरभुरव आणि झाकण लाव. मिश्रण साच्याच्या कडेपर्यंत नेऊ नकोस. अंडे फुगते, कडेने बाहेर ओघळते आणि मग बिजागरीत अडकलेले चीज काढण्यात सकाळ जाते.

झाकण लावल्यावर फक्त वाफेकडे लक्ष ठेव. पहिली दोन मिनिटे वाफेचा लोटच बाहेर येतो, कारण अंड्याच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि चीजमध्येही जवळपास निम्मे पाणीच असते. हे पाणी निघून गेल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही. वाफ भरात असताना झाकण उचलले, तर वॉफल अर्धा वर आणि अर्धा खाली चिकटून मधोमध फाटतो. चार-पाच मिनिटांत वाफ विरळ होते, आवाजही बदलतो. ओला खळखळाट थांबून कोरडी, बारीक चुरचुर तेवढी उरते. तेव्हा झाकण उघड. वॉफल आपण होऊन साच्यापासून सुटलेला असतो, लाकडी उलथन्याचे टोक लावले की निघतो. तो ताटलीत ठेवू नकोस, जाळीवर ठेव. ताटलीत खालची वाफ कोंडून बूड ओले पडते. जाळीवर दोन मिनिटे निवला की चीजमधले स्निग्ध घट्ट होते आणि साच्यातून काढताना लवचीक असलेला वॉफल मोडताना कट्कन वाजतो. गरम असतानाच चव घेऊन 'हा तर मऊच आहे' असे म्हणू नकोस, एवढी विनंती.

मीठ घालायचे नाही, चीजमध्ये ते भरपूर असते. साच्याला तुपाचे किंवा तेलाचे बोट पुरे. फवाऱ्याच्या डब्यातले तेल वापरू नये, कारण त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि हळूहळू सगळेच चिकटायला लागते.

अंड्याचा वास तुला नकोसा होतो, हे मला वसतिगृहापासून ठाऊक आहे. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बलक काढून नुसता पांढरा भाग वापरायचा. वास जातो, वॉफल अधिक कुरकुरीतही होतो, पण बलकाची चव आणि पोषण दोन्ही हातचे जाते, त्यामुळे मला हा उपाय पसंत नाही. दुसरा म्हणजे एका अंड्यामागे चमचाभर बदामाची पूड घालायची. बदाम साल काढून, पूर्ण वाळवून, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले, म्हणजे तेल सुटत नाही. या पुडीने वॉफलला ब्रेडचा पोत येतो आणि कर्बोदके एखाद-दीड ग्रॅमच वाढतात. खोबऱ्याचे पीठ वापरायचे झाल्यास अगदी छोटा चमचा घे, कारण ते पाणी इतके शोषते की जास्त पडल्यास वॉफल घशात अडकतो.

खरी मेख चीजमध्ये आहे. आपल्याकडे चीज म्हटले की चौकोनी क्यूब डोळ्यांपुढे येतो. ते प्रक्रिया केलेले चीज असते. त्यातल्या इमल्सीकारक क्षारांमुळे त्याचे स्निग्ध आणि पाणी वेगळे होत नाही, म्हणून ते तापवल्यावर मऊ लगदा होते, पण खरपूस पापुद्रा धरत नाही; शिवाय खारटही फार असते. पनीर तर मुळीच चालणार नाही. दूध आम्लाने फाडताना त्यातले बरेचसे कॅल्शियम निवळीत निघून जाते, प्रथिने एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, चौकोनीच राहते. मोझरेला विरजण आणि रेनेट (दूध घट्ट गोठवणारे विकर) लावून करतात आणि गरम पाण्यात ताणून मळतात, त्यामुळे उष्णतेने त्याची प्रथिने एकमेकांवरून घसरतात, ते पसरते, तार धरते आणि पाणी उडाले की तांबूस होते. सांगलीत पिझ्झासाठीचे मोझरेला आता सहज मिळत असेल. पाण्यात ठेवलेला ताजा, मऊ गोळा नको, पिझ्झाचे कोरडे घे. शक्यतो अखंड घेऊन घरी किस, कारण किसलेल्या चीजच्या पाकिटात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरवलेले असते. पाकीटच घ्यावे लागले, तर मागची बारीक अक्षरे वाचून घे. आवडत असल्यास थोडे चेडार मिसळ; चव ठसठशीत होते, पण नुसत्या चेडारचे तूप फार सुटते.

बरोबर काय खावे, यात आपण या अमेरिकी लोकांना मागे टाकू शकतो. हे लोक दालचिनी आणि व्हॅनिला घालून वर बिनसाखरेचे सिरप ओततात, आणि बाजूला बेकनच्या पट्ट्या. खरे मेपल सिरप आमच्या या भागात मार्चमध्ये झाडांतून रस काढून आटवतात आणि त्याची चव अप्रतिम असते, पण त्यात दोन-तृतीयांश साखरच असते, त्यामुळे तुझ्यासाठी त्याचे नावही काढायला नको. मी अंड्यात जिरे, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कांद्याची पात घालतो. कधी आईच्या हातचा कांदा-लसूण मसाला शिल्लक असला तर तोही पाव चमचा पडतो, आणि मग घरभर असा वास सुटतो की शनिवारी दुपारपर्यंत न उठणारी आमची लेक खाली येते. ओल्या भाज्यांचे तेवढे सांभाळ. टोमॅटो आत नको, बाजूला खा. दुधी किंवा कोबी किसून घालायचा तर मीठ न लावताच फडक्यात घट्ट पिळून घे. ठेच्याबरोबर हा वॉफल फार उत्तम लागतो. माझ्या लेखी तो गोड वॉफलचा गरीब भाऊ नव्हेच. थालीपीठाच्या पंगतीला बसवला की त्याचे चीज होते (कोटी आपोआप झाली, माफ कर).

आता थोडे पथ्याचे बोलतो. तू साखरेसाठी ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी घेत असलास किंवा पुढे इन्सुलिन सुरू झाले, तर न्याहारीतली कर्बोदके एकाएकी काढून टाकल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असली, तर कर्बोदके फार तोडणे आणखी वेगळ्या कारणाने घातक असते. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना आधी विचार आणि गोळ्यांची मात्रा त्यांना ठरवू दे. आणखी एक गोष्ट अशी, की या खाण्यात तंतू जवळजवळ नाहीत आणि संपृक्त स्निग्ध व मीठ मात्र बरेच आहे. काकडी, मुळा, पालक, कोशिंबीर, जे असेल ते शेजारी भरपूर असू दे. मी हे आठवड्यातून दोन-तीनदा करतो, रोज नाही. रोज केलेस तर कोलेस्टेरॉलआधी तुझे पाकीट तक्रार करील. तुझा धाकटा भाऊ अजून डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवत असला, तर त्याला न्याहारी म्हणून हे देऊ नकोस, तो व्याख्यान देईल. त्याच्या पहिल्या जेवणात भाकरीच्या जागी वाढ.

हे रविवारी एकदम करून ठेवता येते. पूर्ण निवल्यावर मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेव आणि लागेल तसा टोस्टरमध्ये किंवा कोरड्या तव्यावर गरम कर. मायक्रोवेव्हमध्ये मात्र तो पुन्हा लिबलिबीत होतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, की मी फेब्रुवारीत येताना इकडचे छोटे यंत्र आणू का. आणत नाही. वालचंद कॉलेजात आपण दोघांनी विद्युत अभियांत्रिकीच केली, तेव्हा तूच हिशेब कर. हे यंत्र १२० व्होल्टवर ३५० वॅट घेते; ते सांगलीच्या २३० व्होल्टवर लावले तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून साडेतीन पटीच्या वर, म्हणजे सुमारे १,२८५ वॅटपर्यंत जाईल आणि वॉफल होण्याआधी तारच वितळेल. ट्रान्सफॉर्मर लावण्याइतके हे काम मोठे नाही. तिकडचेच यंत्र घे, नाहीतर तेही घेऊ नकोस. खाचांचा सँडविच टोस्टर असला तर तो पुरतो, आणि तेवढेही नको असेल तर वहिनींचे आप्पेपात्र माग. प्रत्येक खळग्यात आधी चिमूटभर चीज, मग चमचाभर मिश्रण, झाकण न ठेवता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. वाफ कोंडायची नाही, एवढाच नियम तिथेही लागू आहे. बिडाचे असेल तर तूप जरा सढळ हाताने सोड.

पिझ्झाच्या चीजचा किलोचा भाव तिकडे काय आहे आणि आप्पेपात्रातला प्रयोग कसा झाला, ते कळव. न्याहारीनंतर दोन तासांनी साखर मोजलीस तर तोही आकडा लिही, पोह्यांच्या दिवसाचा आणि या दिवसाचा, दोन्ही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत