वाचनालयातल्या संगणक वर्गाच्या मंडळींना

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा मोफत वर्ग चालला. शिकवणाऱ्या पोरांनी ‘नावं छापलीत तर बघा’ असा दम भरलाय, म्हणून हे बिननावाचे आभार.

माउस, फाइल, ईमेल हे झालंच. मला अप्रूप वाटलं ते शोध घ्यायला शिकवलं त्याचं. गावाचं नाव नुसतं टाकलं की प्लॉटच्या जाहिराती! तेच नाव दुहेरी अवतरणात टाकून पुढे ‘इतिहास’ जोडला, तेव्हा कुठे कामाचं काही दिसू लागलं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात, हेही तिथेच कळलं. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० सालचं गॅझेटियर, म्हणजे त्या भागाच्या माहितीचा जुना सरकारी ग्रंथ, इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर उघडून दिला, त्या दिवशी तर कुणी घरी जायला तयार होईना. सातबारा मात्र सरकारी संकेतस्थळावरच बघायचा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही, हे त्यांनी आमच्याकडून अक्षरशः घोकून घेतलं.

टायपिंग शिकवणाऱ्या मुलीचे विशेष आभार. एक आजोबा रोज विचारायचे, ‘ळ कुठाय गं?’ आणि ती रोज तितक्याच शांतपणे सांगायची, ‘शिफ्ट धरा आजोबा, ल च्याच बटणावर आहे.’ एवढा धीर आमच्या नातवंडांकडे नाही, खरं सांगायचं तर!

स्वतःचे लॅपटॉप आणणारे, वीज गेल्यावर इन्व्हर्टरची सोय करणारे आणि वेळ संपली तरी कुलूप हातात घेऊन हसत थांबणारे शिपाईकाका, सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीनंतर पुढचा वर्ग घेणार असाल, तर खुर्च्या मांडायला आम्ही येतो.