काका, बोरिवलीची फाइल दाखल झाली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ऑफिसातल्या तुमच्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, पेढे झाले, साहेब भरभरून बोलले. त्या गडबडीत माझं सांगायचं राहूनच गेलं. चारचौघांत सांगावं असंच ते आहे, म्हणून हे उघड पत्र.

बोरिवलीच्या त्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स आठवतंय ना? बाकीच्यांसाठी सांगते. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकीचा कायदा, 1963 चा. सोसायटीची नोंदणी झाली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावावर करून द्यायची, म्हणजे कन्व्हेयन्स करायचं, असं नियम म्हणतो. मुंबईत किती बिल्डरांनी तो पाळला, हे रिडेव्हलपमेंटची वेळ आली की सोसायट्यांना कळतं. 2008 च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीशिवाय जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायची सोय झाली, तेच डीम्ड कन्व्हेयन्स. सोय खरी, पण कागद जमवता जमवता माणूस मेटाकुटीला येतो.

चार विंग, 96 सदनिका. सेक्रेटरींनी सगळं दफ्तर दोन लोखंडी पेट्यांत कोंबून टेम्पोने पाठवलं आणि साहेबांनी ते माझ्या टेबलाशेजारी ठेवायला लावलं. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलेली. रबरबँड वितळून स्टॅम्प पेपरला चिकटलेले. करारनाम्यांच्या मधे मेंटेनन्सच्या पावत्या, गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. मी झाकण उघडायचे, वरचा एक कागद वाचायला घ्यायचे, त्यात गुंतायचे आणि झाकण लावून दुसऱ्याच कुठल्या तरी फाइलला हात घालायचे.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, “पेटी राहू दे. आधी सांग, यातलं दुसऱ्याच्या टेबलावर काय काय जायचंय?”

मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून. मंजूर नकाशा आणि ओसीची, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची, प्रत महापालिकेतून. बिल्डरला नोटीस. हरवलेल्या करारनाम्यांच्या नकला दुय्यम निबंधकांकडून, पण त्या कुठल्या हे अजून ठाऊक नव्हतं, म्हणून ते तुम्ही बाजूला ठेवायला लावलंत. “बाकीचे अर्ज आजच टाक. आपण अर्ज टाकल्याशिवाय तिकडची रांग सुरूच होत नाही, आणि ती काही आपल्या हातात नाही.” संध्याकाळी अर्ज टाइप होऊन सहीला गेले. पेट्या तशाच बंद होत्या, तरी काम चालू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लेजरचा लांब कागद आणलात. विंग, सदनिका क्रमांक, मूळ खरेदीदार, सध्याचा सभासद, करारनामा, मुद्रांक, नोंदणी, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा). रकाने पट्टीने आखून घेतलेत, तेही पेन्सिलने. आणि वर दम दिलात, “वाचायचं नाही हां. पहिलं पान आणि नोंदणीचा शिक्का बघ, टीक कर, विंगच्या गठ्ठ्यात टाक.” काही महत्त्वाचं नजरेतून सुटलं तर, असं मी विचारलं. “महत्त्वाचं असेल तर गठ्ठ्यातच राहील. कुठे पळून जातंय?”

सुरुवात बी विंगपासून केली, कारण तिथल्या कमिटी मेंबरने स्वतःच्या विंगचे कागद नीट लावून ठेवले होते. सर्वांत अवघड काम सकाळी आधी उरका, असे सुविचार ऑफिसच्या ग्रुपवर रोज येतात. ते पटतही असतील कुणाला. पण आमचं सर्वांत अवघड काम कुठलं, हेच मुळी तक्ता भरेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. तो भरला तेव्हा दिसलं की अडलंय फक्त 11 सदनिकांपाशी. काहींचे इंडेक्स टू ऑनलाइन ई-सर्चवर सापडले, जुन्यांच्या नकलांसाठी अर्ज केले. एका सभासदाचा करारनामा रत्नागिरीला त्याच्या भावाच्या कपाटात होता, तो एसटीच्या पार्सलने आला.

काका, हे सगळं तुम्ही एकट्याने माझ्या निम्म्या वेळात केलं असतंत. पण एकाही कागदाला स्वतः हात लावला नाहीत. आपली फाइल घेऊन माझ्या शेजारी बसून राहिलात आणि त्यापायी ठरलेली डोंबिवली फास्ट सोडलीत, तीही पावसाळ्यात. दादरला संध्याकाळची गाडी सोडणं म्हणजे काय, हे रोज लटकणाऱ्यालाच विचारावं. त्याबद्दल काकूंचीही माफी आणि आभार.

फाइल गेल्या आठवड्यात दाखल झाली. सुनावणीची तारीख लागली की कळवते.

आणि तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स अजून व्हायचंय, असं तुम्हीच म्हणाला होतात. ते माझ्याकडे द्या, साहेबांशी फीचं मी बोलून ठेवलंय. फक्त सेक्रेटरींना सांगून मालमत्ता पत्रकाचा अर्ज या सोमवारीच टाकून घ्या.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची