पाऊण स्पीड

गो बाय माझे,

तू बॅग घेऊन रिक्षात बसलीस तेव्हा म्हटलं होतं, पत्र लिहीन. मग आंबे आले, मग मे महिन्याचे पाहुणे, मग पाऊस. आता मासेमारी बंद, स्कूबा बंद, पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. म्हणून आज बसले. चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुझे आभार मानताना दोन-तीन जणांच्या कानावरही काही घालायचं आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. पहिलीपासून आलं ते 2000 साली, तोवर माझं शिक्षण संपून लग्नही झालं होतं. त्यामुळे इंग्रजी माझ्या वाट्याला आलं ते डब्यातल्या शेवटच्या लाडवासारखं, अर्धं फुटलेलं. तरी चाललं होतं. पाहुणे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे. 2021 मध्ये आमच्या सिंधुदुर्गात चिपीला विमान उतरायला लागलं आणि आमच्या दारात मराठीच काय, हिंदीही धड न येणारी माणसं यायला लागली. मुलगा मुंबईहून सांगायचा, ‘आई, तू फक्त वन मिनिट म्हण आणि मला फोन लाव.’ लावला की चिडायचा. पाहुणा समोर उभा, मी फोन हातात धरून उभी. स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखी.

मग गेले क्लासला. ‘महिन्यात फाडफाड इंग्रजी’, साडेतीन हजार रुपये. तिसऱ्या दिवशी सरांनी उभं केलं, व्यवसायाबद्दल बोला म्हणाले. मी सांगितलं की आम्ही पाहुण्यांना रोज स्वच्छ बेडशीट देतो. वर्ग फुटला हसून. सरांनी तेच वाक्य माझ्याकडून आणखी दोनदा म्हणून घेतलं. का हसले, ते मात्र सांगितलं नाही. येताना एसटीत खिडकीशी बसून मी सगळे शब्द एकेक करून तपासत होते, चूक काही सापडेना. पुन्हा गेले नाही. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

ती चूक तू सापडवलीस. आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट म्हणून आलीस, वरची खोली घेतलीस, आणि एका संध्याकाळी माझ्या मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाखवून म्हणालीस, ‘काकू, यात इंग्रजी बोला. त्याला जे ऐकू येईल ते लिहील. ते हसत नाही.’ मी माझं जुनं वाक्य म्हटलं. सगळं बरोबर लिहिलं त्यानं, आणि शेवटच्या शब्दाच्या जागी एक अक्षर आणि तीन चांदण्या. तू आधी ओठ दाबलेस, मग म्हणालीस, ‘शी दीर्घ करा, काकू. ऱ्हस्व झाली की घाण होते.’ मग कळलं मला! आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाला मार्क जातात, इथे इज्जत जाते. तेव्हा आपण दोघी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या वर्गातलं हसणं आणि हे हसणं यात काय फरक होता, ते सरांना समजावायला मला कुठल्याच भाषेत जमणार नाही.

पण आभार त्याचेही नाहीत. आभार त्या दुसऱ्या गोष्टीचे.

बीबीसीचा तो सहा मिनिटांचा कार्यक्रम लावून दिला होतास. सहा मिनिटं म्हणजे कुकरच्या दोन शिट्या. सुरुवातीला एक प्रश्न विचारतात, उत्तर शेवटी देतात, त्यामुळे मध्येच बंद करवत नाही. पण मला काही पकडताच येईना, ताटातून बांगडा निसटावा तसे शब्द निसटत होते. मी मोबाईल पालथा ठेवला. तू काही बोलली नाहीस. उचललास, अंगठ्यानं काहीतरी दाबलंस, परत दिलास. तीच दोघं आता सावकाश बोलायला लागली. वर लिहिलं होतं 0.75. पाऊण. ‘मीपण पाऊणवरच ऐकते, काकू,’ म्हणालीस. वर हेही सांगितलंस की व्हॉइस ऑफ अमेरिकानं 1959 सालीच शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम संथ वाचलेल्या बातम्या सुरू केल्या होत्या, मोजक्या दीड हजार शब्दांत. म्हणजे हळू ऐकणारी मी काही एकटी नाही.

फेब्रुवारीत एकदा तू आंघोळीला गेली होतीस. तुझा मोबाईल कट्ट्यावर बडबडत होता, पाणी उडेल म्हणून मी उचलला. इंग्रजीच चाललं होतं, पण केवढ्या वेगानं! वर बघितलं, तर 1.5.

मी तो होता तसा ठेवून दिला. तुला कधी बोलले नाही, आज बोलतेय.

आमच्या सासूबाईंचा गुडघा धरायचा. आंगणेवाडीच्या जत्रेत शेजारची आवशी त्यांच्याबरोबर रेंगाळत चालायची, ‘माजोव पाय दुखता गो’ म्हणत. तिचे पाय ठणठणीत होते हे साऱ्या वाडीला माहीत होतं. सासूबाईंनाही. असं खोटं बोलणारी माणसं पूर्वी वाडीवाडीत असायची. आता कोणी हळू पडलं की लोक हातातला फोन काढून घेतात आणि स्वतःच बोलून टाकतात. (हे मुलानं वाचलं तर बरंच.)

मे महिन्यात चेन्नईचं एक जोडपं तीन दिवस राहिलं. सोलकढी कशाची, गरम पाणी किती वाजता, किल्ल्यावर जायची होडी कुठून सुटते, सगळं मीच सांगितलं. व्याकरणाचं विचारू नकोस. मुंबईला फोन लावला नाही एवढं खरं. जाताना त्या बाईनं काहीतरी लांबलचक म्हटलं, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, ‘प्लीज, स्लोली.’ तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. पुढच्या वर्षी आईला घेऊन येते म्हणत होती.

तुझी निळी छत्री दाराआड आहे, न्यायला ये. वरच्या खोलीत शीट घालून ठेवते. दीर्घ.

तुझी काकू