गुलाबी लेबल आणि मे महिन्याचं ऊन

महोदय,

जुन्या रेकॉर्डींचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी नाट्यसंगीतावरच थांबते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी, कापूस भरलेल्या खोलीला लागून, किंग क्रिमझन या ब्रिटिश रॉक बँडची १९६९ ची रेकॉर्ड 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' वाजते. गाणी पाचच. पण मेलोट्रॉन (कळ दाबली की टेपवर भरून ठेवलेली व्हायोलिनं वाजवणारं वाद्य) सुरू झालं की आमचा सालदार दारात थबकतो. "गुरुजी, हे भजन व्हय का रडनं?" मला अजून सांगता आलेलं नाही.

मुखपृष्ठावर नुसता किंचाळणारा लाल चेहरा. नातू भितो, म्हणून सूनबाई ते भिंतीकडे वळवून ठेवते. काढणारा बॅरी गॉडबर कॉम्प्युटर प्रोग्रॅमर; १९७० मध्येच वारला.

संग्राहक आयलंड कंपनीच्या गुलाबी लेबलाच्या पहिल्या ब्रिटिश आवृत्तीवर जीव टाकतात. माझी नंतरची. तीही कुरियरवाल्यानं मे महिन्यात दुपारभर पत्र्याखाली ठेवली, पापडासारखी वाकली. सुई आता बोटीसारखी डोलते.

विदर्भातल्या उन्हाळ्यात रेकॉर्डी कशा जपाव्यात, यावर जाणकाराकडून एकदा लिहून घ्या.

– एक निवृत्त शिक्षक, जि. वर्धा