तुझी कंबर, माझी कंबर

मिरज,
12 फेब्रुवारी

प्रिय मंगल,

परवा फोनवर बोलता बोलता गिऱ्हाईक आलं आणि आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू म्हणालीस, "तुला ज्यानं गुण आला तेच मला सांग, मीपण तेच करते." मी 'सांगते' म्हणून फोन ठेवला खरा, पण रात्री पडल्यावर तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. लांबेल जरा, पण शेवटपर्यंत वाच.

माझी हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. कंबर धरली ती 2019च्या लग्नसराईत. रात्री अकरा-अकरापर्यंत ब्लाउज चाललेले. आधी बाम, मग मालीश, मग गोळ्या. शेवटी एमआरआय काढला. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "मणक्यातली गादी सरकलीय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." दुखण्यानं घाबरले नव्हते इतकी मी त्या वाक्यानं घाबरले. पट्टा बांधला तो चौदा महिने. घागर उचलणं सोडलं, खाली बसून कटिंग करणं सोडलं, बाजारात चालत जाणंही सोडलं. एवढं जपूनही दुखणं कमी झालं नाही. उलट वर पाठीच्या पात्यांपर्यंत आणि खाली मांड्यांपर्यंत पसरलं.

मग ती फिजिओथेरपीवाली मुलगी भेटली. कुठं दुखतं हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी दुखतं हे पहिल्यांदा तिनं विचारलं. मला धड सांगता येईना, तेव्हा ती सरळ दुकानात आली आणि अर्धा तास नुसती बघत बसली. उजवा पाय मोटरच्या पायडलवर, डावा स्टुलाखाली दुमडलेला. ट्यूबलाइट डाव्या खांद्यामागं, म्हणून सुईवर माझीच सावली पडायची आणि ती चुकवायला मी मान उजवीकडं कलती ठेवायची. ती म्हणाली, "ताई, अर्ध्या तासात तुम्ही एकदाही उठला नाहीत. बॉबिनसुद्धा बसल्या जागी भरली." इतकी वर्षं त्या मशीनवर बसते, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

रिपोर्टचं मी तिला भीत भीतच विचारलं. तिनं सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तुझ्याकडंही तसलाच कागद आहे. 1994 साली अमेरिकेत, पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त 36 टक्के. म्हणजे वय वाढतं तसे केस पिकतात, तशी गादीही झिजते. कधी तीच शीर दाबते आणि पायात कळ मारते, हेही खरं. पण कागदावर दिसलं म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं, असं नाही गं.

"जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? जिना चढताना मांड्या भरतात का?" असंही तिनं विचारलं. दोन्हीला मी हो म्हणाले. तिनं डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला लावलं. थायरॉइड बरोबर निघालं, पण ड जीवनसत्त्व 8. वीसच्या खाली गेलं की कमी धरतात. सकाळी नऊला शटर उघडायचं ते रात्रीच बंद करायचं, ऊन लागणार कधी? डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दिली, आठ आठवडे. तू मात्र मनानं ती पुडी घेऊ नकोस, जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

तिसरी गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरनं सांगितली. जास्त दुखलं त्या दिवसावर फुली मारायची, एवढंच. दोन महिन्यांनी बघितलं तर फुल्या जास्त शिवणाच्या दिवशी नव्हत्याच. सासूबाईंसाठी रात्री तीन-चारदा उठावं लागायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी होत्या. दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की नसा आणि मेंदू फार सावध होतात म्हणे. घरात एकदा चोर येऊन गेला की पुढं उंदीर खुडबुडला तरी आपण दचकून उठतो ना, तसं. झोप तुटली की हे आणखी वाढतं. आणि मी तर जोडीला भीतीही बाळगून होते.

पट्टा सोडला. अर्धी घागर उचलायला लागले, मग पूर्ण. ट्यूबलाइट समोर घेतली, दर अर्ध्या तासाला उठते, रोज चालते, रात्रीची पाळी यांच्याशी वाटून घेतली. आठ महिने लागले. अजूनही सराईत दुखतं, पण आता त्याची धास्ती वाटत नाही.

आता तुझ्याबद्दल. तू म्हणालीस, "दिवसभर कामात असले की बरं असतं गं, पण पहाटे तीनला कंबर जागं करते आणि उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी." मंगल, हे माझ्या अगदी उलट आहे. मी बसून बसून आखडायचे आणि पडल्यावर मला बरं वाटायचं. तुला पडल्यावरच दुखतं आणि हालचालीनं सुटतं. तुझं सुरू झालं तेव्हा तू तिशीचीही नव्हतीस. दोन वर्षांपूर्वी तुझा डोळा लालभडक होऊन आतून सुजला होता, आठवतं? टाचाही धरतात म्हणालीस. मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडं घेऊन जा.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा एक आजार असतो. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. कणा खाली कमरेच्या हाडाला मिळतो, तिथल्या दोन सांध्यांपासून बहुधा सुरुवात होते. एक्स-रे कित्येक वर्षं स्वच्छ दिसू शकतो, आणि नुसत्या कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला तर ते सांधे सुटून जाऊ शकतात. एचएलए-बी 27 नावाची रक्ताची तपासणी असते, पण तेवढ्यावरच ठरत नाही. बायकांच्या बाबतीत हे ओळखायला फार उशीर होतो. बाळंतपणानंतरची कंबर आहे म्हणून सगळे सोडून देतात, तुलाही तेच सांगितलं ना? यावर चांगली औषधं आहेत. उशीर झाला तर मणके एकमेकांत जुळून जाऊ शकतात. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण माझे उपाय तुला लागू पडतील असं धरून आणखी वर्ष घालवू नकोस.

आणि मध्येच लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर कुणाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ. रोज ताप येऊन वजन घटत असेल तर तेही लपवू नकोस. मणक्याचा टीबी आपल्याकडं अजून आहे.

पंढरपूरहून गाडी थेट मिरजेला येते. दुकान गुरुवारी बंद असतं. येत्या नाहीतर पुढच्या गुरुवारी ये, मी स्टेशनवर असेन. जुने सगळे कागद आण, डोळ्याच्या डॉक्टरांचा तर नक्की आण. मुक्कामालाच ये. भाऊजींना मी फोन करते.

तुझी,
शैला

ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं. तुझे थोरले मामा वाकून चालायचे. कुणी हाक मारली की नुसती मान वळत नसे, सगळं अंग फिरवायचे. आईला विचारून ठेव, त्यांची पाठ कितव्या वर्षी धरली होती.