बिलावर गंज लिहून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

रायफलीचं बिल आज पुन्हा उघडून पाहिलं. किंमत, रायफलीचा नंबर, बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) नंबर, आणि खाली तुमच्या तिरक्या अक्षरातली ओळ: ‘पुढच्या लाकडाखाली डाव्या बाजूला गंज, दोन ठिकाणी नख अडकतं. नळी आतून साफ.’ दुकानदाराने आपल्याच मालाची खोट आपल्याच हाताने बिलावर लिहायची, आणि तीही गिऱ्हाइकाने न विचारता! सेकंडहँड हत्यारांच्या धंद्यात असं बिल कुणी दिलेलं ऐकलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधीच्या दोन दुकानांत काय मिळालं तेही सांगतो. पहिल्याने नळीत तेल ओतून ठेवलं होतं. तेलाने भरलेली नळी बॅटरीच्या उजेडात आरशासारखी चमकते, खड्डे सगळे तेलाखाली. गजाने एक कोरडी चिंधी मारा म्हटलं, तर उत्तर आलं, “रायफल घ्यायचीय की भांडी घासायचीत?” दुसऱ्याकडे बोल्टवरचा नंबर एक, बॉडीवरचा दुसरा. “सगळे बोल्ट सारखेच हो,” म्हणे. सारखे नसतात. ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल लीएनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या घराण्यातली, तिचे लग, म्हणजे बोल्ट बॉडीत अडकवून धरणारे कान, बोल्टच्या मागच्या अंगाला. दोन्ही लग सारखे टेकायला हवेत, म्हणून बोल्ट त्या त्या बॉडीला बसवलेला असतो. परका बोल्ट घातला की भार एकाच बाजूवर येऊ शकतो. शिवाय .३१५चं काडतूस बुडाच्या काठावर टेकून बसतं. काठ आणि बोल्टचं तोंड यांत फट वाढली तर केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, प्रत्येक बाराला ताणली जाते. उडवलेल्या केसवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं की समजायचं, ती तिथेच फाटणार आहे. हे ज्याला कळत नाही त्याने छत्र्या विकाव्यात. कळूनही जो बोलत नाही त्याच्याबद्दल काय लिहू?

तुम्ही मॅगझीन काढलंत, बोल्ट बाहेर घेतलात, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री केलीत आणि मगच रायफल माझ्या हातात दिलीत. नळीत आधी कोरडी चिंधी फिरवलीत. मग मागे पांढरा कागद धरून म्हणालात, “आता तोंडाकडून बघा. नळीतल्या पिळाचे आटे मोजू नका, आट्यांच्या कडा बघा. काळं कडं दिसलं तर रायफल टेबलावर ठेवा आणि घरी जा.” आत काही अडकलं असताना बार झाला की नळी तिथे फुगते, ते हे कडं, आणि त्याला इलाज नाही. तोंडाशी एका बाजूला झिजलेली खाचही शोधायला लावलीत. नळी साफ करायच्या पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की ती पडते, आणि मग बाकीची नळी कितीही चांगली असली तरी नेम लागत नाही.

इथवर चांगला दुकानदार करतोच. पुढचं कुणी करत नाही.

तुम्ही पुढचं लाकूड उतरवलंत. खणातून चार स्क्रू ड्रायव्हर काढून बघितलेत, खाचेत चपखल बसला तोच घेतलात. निघालेले स्क्रू चहापत्तीच्या डब्याच्या झाकणात, निघाले त्याच क्रमाने, घड्याळाच्या आकड्यांसारखे मांडलेत. मागच्या दस्त्याला हात लावला नाहीत. जुन्या लीएनफिल्डच्या घडणीत दस्ता बॉडीला आवळणाऱ्या लांब बोल्टचं (हा नळीमागचा बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला की लाकूड चिरतं. कित्येक रायफली अशा चिरलेल्या फिरतात, वरून पॉलिश मारलेलं.

लाकूड सुटलं आणि डाव्या अंगाला तो तपकिरी पट्टा दिसला. मुंबईतली रायफल बार काढून झिजत नाही, पडून राहून कुजते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली, रायफली कपाटांत गेल्या, त्याही अस्तराच्या कव्हरसकट. कव्हर चार महिने दमट हवा पितं आणि पोलादाला पाजतं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हा असा कपाटातला माल आणखी बाहेर आला. वरून बघाल तर ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, छान. गंज लाकडाच्या कडेखाली, जिथे पाणी शिरतं पण फडकं पोचत नाही.

तुम्ही त्या पट्ट्यावर नख फिरवलंत, मग माझं बोट धरून फिरवलंत. दोन जागी अडकलं. अगदी बारीक स्टीलवूल आणि पातळ तेल घेऊन लाल भुकटी उतरवलीत, आणि खड्डे आहेत तसे ठेवलेत. “घासून लपवता येतील, पण मग नळी पातळ होईल,” एवढंच बोललात आणि बिलबुक ओढलंत.

सचोटी म्हणजे फार मोठं काही असतं असं मला वाटायचं. ती त्या झाकणातल्या स्क्रूंएवढी होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कव्हर फक्त नेण्या-आणण्यापुरतं वापरतो. जुन्या पेटीतली काडतुसं बाजूला काढली आहेत. त्यांच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या क्लोरेटचं मीठ नळीत राहतं आणि इथल्या हवेत रात्रीतून गंज धरतं, ते नुसत्या तेलाने निघत नाही, आधी गरम पाणीच लागतं, हे पाठ झालंय.

बिलामागे तुम्ही लिहिलंय, ‘दिवाळीनंतर लाकूड उघडणे.’ तो स्क्रू ड्रायव्हर मात्र तुमच्याच खणात आहे. तेव्हा येतो.

आपला,
बिल जपून ठेवलेला एक गिऱ्हाईक