स्मृतिशिला राहू द्या, शेजारी मराठी फलक लावा

महोदय,

मुंबई-पुण्यातील ब्रिटिशकालीन चर्चमध्ये भिंतीवर बसवलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या संगमरवरी स्मृतिशिला काढून टाकाव्यात, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. ती करणाऱ्यांत केवळ बाहेरचे लोक नसतात, आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणही असतात. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या वळणाच्या उपासनेत वाढलेला आणि पुढे पाळक म्हणून सेवा करून निवृत्त झालेला मी, त्यामुळे त्यांची अस्वस्थता मला परकी नाही. तरीही त्या शिला जागेवर राहाव्यात आणि त्यांच्या शेजारी मराठीत नीट माहिती देणारे फलक लागावेत, असे माझे मत आहे.

या परंपरेचा राज्यसत्तेशी असलेला संबंध लपवण्यासारखा नाही, कारण तो इमारतींतच कोरलेला आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ बांधले गेले आणि 1858 साली त्याचे समर्पण झाले. तेथील बाकांना सैनिकांच्या बंदुका उभ्या करून ठेवण्यासाठी खाचा आहेत. ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ हे वचन त्या बाकांवर बसून ऐकणाऱ्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न तिथे गेल्यावर मला चुकवता आलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1813 च्या सनदेनंतर कलकत्त्याला बिशप आले, 1837 मध्ये मुंबईलाही स्वतंत्र बिशप मिळाले, आणि त्यांचा व सरकारी धर्मगुरूंचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे. म्हणजे ज्या शेतकऱ्याने त्या देवालयाचा उंबराही पाहिला नव्हता, त्याच्या शेतसाऱ्याचा वाटा त्यात होता. 1927 च्या कायद्यानुसार 1930 मध्ये येथील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून कायद्याने वेगळी झाली खरी. पण 1935 च्या भारत सरकार कायद्यातही धर्मखात्याचा, म्हणजे या सरकारी धर्मगुरूंच्या खात्याचा, विषय गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवलेला होता आणि त्यासाठी निवृत्तिवेतने वगळून वर्षाला 42 लाख रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद होती. हा आकडा आमच्या मंडळीत फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि व्यासपीठावरून तो सांगणारा पाळक मी तरी पाहिलेला नाही. मीही तो कधी सांगितला नाही, हे कबूल केले पाहिजे.

पण एवढ्यावरच थांबून ‘हा साहेबांचा धर्म’ असे म्हणून मोकळे होणे म्हणजे अर्धाच इतिहास वाचणे होय. पुण्यात लष्कर भागातले सेंट मेरीज चर्च 1825 चे, छावणीसाठी उभारलेले. गुरुवार पेठेतले पवित्र नाम देवालय 1885 चे, वस्तीच्या ऐन मध्यभागी. दोन्ही एकाच परंपरेची, पण त्यांची तोंडे वेगळ्या लोकांकडे होती. याच पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातील अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे मिशनऱ्यांकडचे खाल्ल्याबद्दल जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहाच्या एका कपाने पुण्याच्या सार्वजनिक जीवनात जी घुसळण झाली, ती मिशनऱ्यांच्या कित्येक प्रवचनांनी झाली नसेल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे याच अँग्लिकन परंपरेत झाला. पण भारतीय पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर मी दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे खरमरीत उत्तर त्यांनी आपल्या मार्गदर्शक असलेल्या इंग्रज सिस्टरना दिले. त्यांच्या विश्वासाविषयी मला शंका नाही, आणि त्यांच्या बंडाविषयी तर अजिबात नाही.

जॅक विन्सलो या अँग्लिकन धर्मगुरूंनी 1922 मध्ये नगर भागात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, तो पुढे पुण्यात आला. भारतीय आणि इंग्रज माणसांनी बरोबरीने, साधेपणाने एकत्र राहावे, हा त्यामागचा हेतू. त्याच संघात 1927 साली आलेले तरुण धर्मगुरू व्हेरियर एल्विन गांधीजींकडे ओढले गेले. पुढे ते मध्य प्रांतात गोंडांमध्ये काम करत असताना नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेच्या शपथेचा आग्रह धरला, ती एल्विन यांनी घेतली नाही आणि अखेर ते चर्चपासून दूर झाले. शपथ मागणारा आणि नाकारणारा, दोघेही आमचेच. नागपूरच्या इतिहासात मला हा प्रसंग 29 नोव्हेंबर 1970 इतकाच मोलाचा वाटतो, ज्या दिवशी तेथेच वेगवेगळ्या पंथांच्या सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अँग्लिकन हे नाव आमच्या पाटीवरून गेले.

म्हणून स्मृतिशिला काढल्या, तर पगार कोण देत होते हेही त्यांच्याबरोबर पुसले जाईल. फलकावर मृत अधिकाऱ्याचे नाव व पलटण यांबरोबर तो कोणत्या मोहिमेत, कोणाशी लढत होता आणि ते देवालय कोणाच्या पैशातून उभे राहिले, हे साध्या मराठीत लिहावे. मजकूर इतिहासाच्या अभ्यासकांकडून तपासून घ्यावा, केवळ मंडळीच्या कार्यकारिणीकडून नव्हे. आपल्या पूर्वजांविषयी आपण सगळेच जरा हात राखून लिहितो. खर्च मात्र मंडळीनेच वर्गणीतून करावा. सरकारी अनुदानाचा अर्ज कोणी पुढे केलाच, तर त्याला त्या 42 लाखांची आठवण करून द्यावी.

आपला,
एक निवृत्त पाळक, पुणे